हवेतली चिवट जोडी

बाळांनो, पावसाळ्यात रिसोडला जा, मालेगावला जा नाहीतर मंगरूळपीरला, वाशीम जिल्ह्यात जिकडेतिकडे सोयाबीनच. त्या पिकावरच्या हवेत शंभरातले ७८ भाग नायट्रोजन असतो. नायट्रोजनवाचून दाण्यात प्रथिनं भरत नाहीत. मग एवढा ढीगभर असूनही पान तो हवेतून उचलत का नाही?

कारण तो सुटा नसतो. नायट्रोजनच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत ५ इलेक्ट्रॉन. ८ झाले की तो स्थिरावतो. शेजारच्या अणूलाही तीनच कमी. मग दोघं आपले तीन-तीन इलेक्ट्रॉन मध्ये घालतात आणि सहाही दोघांचे होतात. दोन भावांच्या बांधावर सामाईक विहीर असते ना, सातबाऱ्यावर दोघांची नावं, तसंच हे. ती सोडून जाणं एकालाही परवडत नाही. मधले इलेक्ट्रॉन ऋणभारित, दोन्हीकडची केंद्रकं धनभारित. त्या ओढीनं अणू जखडून राहतात. हाच सहसंयुज बंध. इलेक्ट्रॉनांच्या सामाईक जोडीची ही कल्पना अमेरिकेतल्या गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. नायट्रोजनमध्ये अशा तीन जोड्या, म्हणून तो बंध फार चिवट.

युरियासाठी अमोनिया करायचा, तर कारखान्यात हा बंध तोडायला लोखंडाचा उत्प्रेरक, ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. आणि आपल्या काळ्या मातीत? पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं एक रोप मातीसकट अलगद काढा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्यांत ब्रॅडीरायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. त्यांच्याकडचं नायट्रोजनेज हे विकर तोच बंध मातीच्या साध्या उबेत सोडवतं! फुकट मात्र नाही. नायट्रोजनच्या एका रेणूमागे एटीपी या ऊर्जारेणूचे किमान १६ रेणू खर्ची पडतात, आणि त्यासाठी लागणारी साखर सोयाबीनची पानं मुळांकडे पाठवतात.

एक गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर काम जोरात चालू आहे. तो रंग लेगहीमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. ऑक्सिजननं ते विकर बिघडतं, म्हणून हा राखणदार ऑक्सिजन जपून आत सोडतो. मला तर सगळ्या शिवारात याहून मोठं नवल दिसत नाही.

तेव्हा पुढच्या पेरणीला घरात बियाण्याला याच जिवाणूंचं खत, म्हणजे रायझोबियम, चोळतील, तेव्हा हात लावायला जा. बियाणं सावलीतच सुकवा. कडक उन्हात हे जिवाणू मरतात.