हेडखालची चुंबळ

ओल्या खोबऱ्याची चटणी वाटताना मिक्सरच्या झाकणावर एक हात दाबून धरावा लागतो. हात काढला की मिक्सर थरथरत ओट्याच्या कडेकडे सरकू लागतो. तळाला चार रबरी पाय असूनही सरकतो. गिटारच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचंही तसंच होतं, आणि त्या वेळी वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गिटारवर गुंतलेले असतात.

गिटारचा अ‍ॅम्प दोन तुकड्यांत येतो तेव्हा वरच्या तुकड्याला हेड म्हणतात, खालच्या स्पीकरच्या लाकडी पेटीला कॅबिनेट. हेडमध्ये आवाज वाढवणारी सगळी यंत्रणा, कॅबिनेटमध्ये नुसते स्पीकर. हेड कॅबिनेटवर ठेवायचं आणि जाड केबलनं दोघांना जोडायचं. ते तिथं टिकतं कसं, हा प्रश्न बरीच वर्षं कुणाला पडला नाही, कारण स्क्रूनं किंवा वजनानं तो परस्पर सोडवला होता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या फेंडर कंपनीनं ‘पिगीबॅक’ अ‍ॅम्प काढले, त्यांत हेड कॅबिनेटवर स्क्रूनं पक्कं करायची सोय होती. पुढे १९६५च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांनी ‘द हू’ या बँडसाठी शंभर वॅटचे अ‍ॅम्प बनवले, आणि माणसाच्या उंचीचा ‘स्टॅक’ रंगमंचावर उभा राहिला. त्या जातीचं हेड वीस किलोच्या आसपास भरतं. ते एकदा ठेवलं की हलत नाही.

मी राहतो ते सिंगापूरही त्या काळात गिटारच्या नादात होतं. १९६१ साली क्लिफ रिचर्ड आणि ‘द शॅडोज’ इथं येऊन वाजवून गेले आणि शाळकरी पोरांचे बँड गल्लोगल्ली निघाले. त्यांतल्या ‘द क्वेस्ट्स’ची ‘शँटी’ ही धून १९६४ साली इथल्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. पुढच्या पिढ्यांना आर्मेनियन स्ट्रीटवरचं ‘सबस्टेशन’ हे कलाकेंद्र मिळालं. नाटककार कुओ पाओ कुन यांनी १९९० साली एका जुन्या वीज उपकेंद्राच्या इमारतीत ते सुरू केलं. ते २०२१ साली त्या जागेतून हललं, तोवर कितीतरी बँडांनी तिथं पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं.

दरम्यान हेड लहान होत गेलं. ऑरेंज कंपनीचं ‘मायक्रो टेरर’ वीस वॅटचं आहे आणि त्याचं वजन साडेआठशे ग्रॅम. व्हॉक्सचं ‘एमव्ही फिफ्टी’ त्याहून हलकं, अर्ध्या किलोच्या थोडं वर. सिंगापूरच्या माणसाला हे वरदान वाटलं, मलाही वाटलं. इथं बहुतेकांची घरं सरकारी इमारतींतल्या फ्लॅटांत, भिंतीपलीकडे शेजारी, त्यामुळे घरी मोठ्यानं वाजवणं नाही. तासाच्या भाड्यानं जॅमिंग स्टुडिओ घ्यायचा. तिथं ड्रम आणि कॅबिनेट स्टुडिओचे, गिटार आणि हेड आपलं. हेड पाठीवरच्या पिशवीत टाकून एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, जायचं. वीस किलोचं हेड घेऊन हे जमलं नसतं.

पण वजन गेलं आणि त्याच्याबरोबर फुकटची पकडही गेली. रबरी पायांची पकड वजनाच्या सहा दशांश धरली, तर वीस किलोचं हेड सरकवायला बारा किलोचा जोर लागेल. साडेआठशे ग्रॅमचं हेड अर्ध्या किलोच्या ओढीत हलेल. गिटारच्या केबलवर नुसता पाय पडला तरी त्याहून मोठा हिसका बसतो. त्यात खाली स्पीकर घुमत असतो. खालच्या सुरांना कॅबिनेटचा माथा थरथरतो, पाय क्षणाक्षणाला किंचित सुटतात, आणि त्या क्षणी अर्धा किलोही लागत नाही.

माझं हेड असंच पडलं. चौथं गाणं चालू होतं, मी डोळे मिटले होते. आवाज बंद झाला म्हणून वळून पाहिलं, तर ते फरशीवर उलटं पडलेलं आणि स्पीकरची केबल उपटलेली. चूक सर्वस्वी माझी होती. ते निव्वळ व्हॉल्व्हचं, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारं, हेड असतं तर आणखी मोठं नुकसान झालं असतं. तसा अ‍ॅम्प चालू असताना स्पीकर सुटला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

मग उपाय शोधू लागलो. पहिला सगळ्यांना सुचतो तो वेल्क्रोचा. कुत्र्याच्या केसांत अडकलेली गोखरूसारखी बोंडं पाहून स्विस अभियंता जॉर्ज दे मेस्त्राल यांना ती कल्पना सुचली आणि १९५५ साली त्यांना पेटंट मिळालं. या कामाला वेल्क्रो अगदी योग्य, कारण तो आडव्या ओढीला चिवटपणे धरतो आणि कडेनं सोलला की सहज सुटतो. पण इथं दोन अडचणी. कॅबिनेट आपली नाही, तिच्यावर काही चिकटवायचा आपल्याला हक्क नाही. आणि स्वतःच्या कॅबिनेटवर चिकटवला तरी तिच्या रेक्झिनमधलं मऊपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू गोंदात उतरतं. इथली हवा वर्षभर उबदार, सरासरी आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर. काही महिन्यांत गोंद चिकट लगद्यासारखा होतो आणि पट्टी हेडबरोबर घसरते. पट्टा आवळणं हाही एक मार्ग, पण तो हेडच्या हवेच्या जाळीवरून जाता कामा नये, आणि कितीतरी कॅबिनेटना पट्टा अडकवायला जागाच नसते.

तबलजी डग्गा जमिनीवर तसाच ठेवत नाही. खाली चुंबळ असते. चुंबळ डग्ग्याला बांधलेली नसते, जमिनीला चिकटवलेली नसते. मैफल संपली की उचलून पिशवीत. घागर वाहणारी बाईसुद्धा डोक्यावर तीच ठेवते. परक्या कॅबिनेटवर मला हवं होतं ते हेच.

त्यासाठी स्वयंपाकघरातल्या खणात अंथरायची जाळीदार, फुगीर रबरी चटई मिळते. तिचा तुकडा हेडपेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठा कापायचा. हेडच्या तळाला हवेची भोकं असतील तर चटईत तेवढी खिडकी पाडायची. हेडचे टणक झालेले पाय काढून टाकले तर पकड आणखी वाढते, कारण चार टिकल्यांऐवजी सगळा तळ टेकतो. मात्र तळाला भोकं असतील तर पाय राहू द्यावेत. मऊ चटई थरथरही थोडी गिळते. व्हॉल्व्हच्या हेडला त्याचा जास्त उपयोग, कारण हादरे बसले की काही व्हॉल्व्ह स्वतःच किणकिणू लागतात. म्हणून स्क्रूनं घट्ट आवळण्यापेक्षा मला हीच पद्धत पसंत आहे.

चटई मात्र हिसका थांबवत नाही. त्यासाठी गिटारची केबल आधी कॅबिनेटच्या बाजूच्या मुठीतून ओवून घ्यायची, मग हेडला लावायची. पाय पडला तर ओढ मुठीवर येते. स्पीकरची केबल थोडी सैल, मागच्या बाजूनं सोडायची.

हे केल्यापासून माझं हेड जागचं हललेलं नाही. चटईवर धूळ बसली की पकड कमी होते, म्हणून ती महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यानं धुतो. इथल्या दमट हवेत जाळी वाळायला एक रात्र पुरत नाही, म्हणून मी तुकडे दोन कापून ठेवले आहेत.