खोटी वर्दी देणारा खटका

अमरावती-अकोला महामार्गावर दार घट्ट लावूनही एखाद्या जुन्या मोटारीची घंटा अखंड तक्रार करीत राहते, तेव्हा दोष बहुधा चौकटीतील पेराएवढ्या खटक्याचा असतो. दार लागताच हा दाबला जाऊन विद्युत्मंडल तुटते. काळ्या मातीची धूळ शिरून तो अडकला, की खोटी वर्दी जाते. प्रथम तो बोटाने दाबावा: घंटा थांबल्यास कसूर दाराच्या बसणीची; न थांबल्यास खटक्याची तार सोडवून पाहावी. आता थांबली तर गुन्हेगार खटका, नाहीतर तार पत्र्याला घासलेली. सुरक्षापट्ट्याच्या बकलातही असाच खटका दडलेला असतो. मात्र घंटाच तोडणे म्हणजे फिर्याद न ऐकता मिसल दप्तरी दाखल करणे होय.