पाठीतली सुई आणि पोटातली शीर

ढाणकीत कुणाचं बाळंतपण अडलं की गाडी उमरखेडला, पुसदला, नाहीतर पैनगंगेपल्याड नांदेडला निघते. ‘सिझर’ ठरलं की घरातल्या बायांचा पहिला प्रश्न असतो, पाठीत सुई देणार का? भीती असते जन्मभराच्या पाठदुखीची. भूलतज्ज्ञाची काळजी वेगळीच असते. सुईनंतर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत बीपी किती उतरेल?

कारण ते औषध कमरेखालचं दुखणं थांबवतं, तसंच रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या नसाही सुस्त करतं. वाहिन्या सैल पडतात, रक्त पायांकडे साचतं, हृदयाकडे कमी परततं. बाईला मळमळतं, अंधारी येते. बाळाला मिळणारं रक्तही घटतं. जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी 1898 मध्ये ही भूल शस्त्रक्रियेसाठी वापरली; आज ती गावोगावी पोचली, पण बीपीचा प्रश्न सुटलेला नाही.

मग हे आधीच कळलं तर? सुई देण्याआधी सोनोग्राफीचा प्रोब छातीच्या हाडाखाली ठेवायचा आणि पोटातून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर बघायची. श्वास घेताना ती आक्रसते, सोडताना फुगते. फुगलेली 2 सेंटिमीटर आणि आक्रसलेली 1, म्हणजे 50 टक्के. शरीरात पाणी कमी असलं की ती जास्त आक्रसते. अनेक अभ्यासांत 40 टक्क्यांच्या आसपासची रेघ धोक्याची ठरली. दोन-चार मिनिटांचं काम!

पण थांबा. पूर्ण दिवसांच्या बाईत गर्भाशयच त्या शिरेवर बसलेलं असतं, त्यामुळे आकडा फसवू शकतो. म्हणून मशिन असो-नसो, बाईला डाव्या अंगाला थोडं कलतं ठेवणं, बीपी सारखं मोजत राहणं आणि ते वाढवणारं औषध सिरिंजमध्ये तयार ठेवणं हे करावंच लागतं. माझ्या मते खरा भरवसा अजून यावरच आहे.

दुसरी अडचण कायद्याची. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वात आधी महाराष्ट्राने 1988 मध्ये कायदा केला, केंद्राचा 1994 चा. तो हवाच, त्यात वादच नाही. पण त्यामुळे भूलतज्ज्ञाचं छोटं मशिनही नोंदणीशिवाय चालत नाही, बॅगेत टाकून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात नेता येत नाही. आणि तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ तर दवाखाने फिरतच काम करतो.

एक गोष्ट मात्र मशिनीविना होते. ठरवून केलेल्या ऑपरेशनाआधी साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं. आपल्याकडे मात्र ‘रात्रीपासून थेंबही नाही’, तेही विदर्भातल्या मे महिन्यात! तेव्हा वहिनीची, ताईची तारीख ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना विचारा, ‘पाणी किती वाजेपर्यंत द्यायचं?’ उलट्या-जुलाब झाले असतील, मागच्या सिझरला बीपी उतरलं असेल, तर तेही सांगा. घाईच्या सिझरला हा हिशेब नाही. तिथे डॉक्टर म्हणतील तेच.