अकरा महिन्यांचा लपंडाव

डिसेंबरच्या संध्याकाळी कृत्तिकांपासून नैऋत्येकडे नजर उतरवत नेली, की तिमिंगल नावाचा ऐसपैस पण मंद तारकासमूह लागतो. त्यातला 'मीरा' हा तारा काही वर्षी ठळक दिसतो, काही वर्षी त्या जागी नुसता काळोख. नाव ऐकून आपल्याला मीराबाई आठवते. पण शब्द लॅटिन आहे, अर्थ 'आश्चर्यकारक'. खगोलशास्त्रज्ञ हेवेलियसने 1662 मध्ये तो रूढ केला.

1596 च्या ऑगस्टमध्ये जर्मन धर्मोपदेशक डेव्हिड फाब्रिसियस एका ग्रहाची जागा मोजण्यासाठी या ताऱ्याचा आधार घेत होते. तारा आधी उजळला, मग दिसेनासाच झाला. नवतारा होता, विझला, असं त्यांनी मानलं. 1603 मध्ये खगोलनकाशाकार बायरने आपल्या नकाशात त्याला ओमिक्रॉन हे अक्षर दिलं. हाच तो 'विझलेला' तारा, हे त्याच्या गावीही नव्हतं. 1609 मध्ये फाब्रिसियसना तो पुन्हा दिसला, आणि 1638 मध्ये खगोलशास्त्रज्ञ होल्वार्डाने त्याचं अकरा महिन्यांचं चक्र ओळखलं. आजचा आकडा सुमारे 332 दिवस.

मीरा हा म्हातारा, तांबडा राक्षसी तारा. पाचेक अब्ज वर्षांनी आपल्या सूर्यावरही हीच पाळी येणार आहे. त्याचं आवरण स्पंदन पावतं. आत दबलं, की तिथला हायड्रोजन उष्णता अडवून धरतो. कोंडलेली उष्णता आवरणाला बाहेर ढकलते, ते विरळ होतं, उष्णता निसटते आणि आवरण पुन्हा खाली बसतं. भाताच्या पातेल्यावरचं झाकण वाफेने उचललं जातं आणि परत आदळतं, तसंच.

मात्र एवढ्याने डोळ्यांना दिसणारा प्रकाश शेकडो पट घटत नाही, आणि मीराचा तर घटतो. खरी मेख टायटॅनियम ऑक्साइडमध्ये आहे. आवरण थंडावलं, की या संयुगाचे रेणू तयार होतात आणि दृश्य प्रकाश गिळतात. ताऱ्याची बरीचशी ऊर्जा एरवीही अवरक्त किरणांतूनच बाहेर पडते. तिच्यात फरक पडतो तो त्या मानाने थोडा. म्हणजे मीरा विझत नाही, आपल्याच पदराआड जातो.

त्याचं चक्र आपल्या वर्षापेक्षा महिन्याभराने तोकडं, त्यामुळे उजळण्याचा मुहूर्त दरवर्षी मागे सरकतो. मग काही वर्षं तो एप्रिलमध्ये येतो, म्हणजे मीरा सूर्याच्या आसपास असताना. काही वर्षं आपल्या पावसाळ्यात. आकाशनिरीक्षकाने चिडायचं तर कोणावर?

अशा रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या नोंदी ठेवायला शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करणारी सरावलेली नजर लागते. बंगालमधल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांच्याकडे ती होती, आणि तीन इंची दुर्बीण. त्यांनी आयुष्यात 37 हजारांहून अधिक नोंदी करून अमेरिकेतल्या निरीक्षक संघटनेकडे पाठवल्या. संघटनेने 1926 मध्ये त्यांच्यासाठी सहा इंची दुर्बीण समुद्रापार धाडली. पुढे ती तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत पोचली.