कुकरवरचा खोटा आळ

लग्नसराईत पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या किंवा दौंडच्या पेठेत भांड्यांच्या दुकानात थांबलं की हल्ली एक बोलणं हमखास कानावर येतं. मुलीची आई कुकर बाजूला सारते आणि दुकानदाराला सांगते, "हा नको दादा, ह्यात अन्नातलं सगळं सत्त्व मरतं. पितळी दाखवा." तिला हे कुणी सांगितलं? मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या एका तक्त्यानं. मातीच्या भांड्यात शिजवलं तर शंभर टक्के पोषण टिकतं, काशाच्या भांड्यात ९७ टक्के, पितळेत ९३ आणि ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये फक्त १३ टक्के, असं हा तक्ता सांगतो. खाली एखाद्या सरकारी प्रयोगशाळेचं नाव असतं. शोधनिबंध कुणाचा, कोणत्या वर्षाचा, कुठे छापला, यातलं काहीच नसतं.

या तक्त्यापायी घरोघरी पैसे चुकीच्या ठिकाणी खर्च होतात, म्हणून त्याचा नीट हिशेब मांडायला हवा.

शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. कुकरमध्ये १३ टक्केच पोषण उरत असेल तर त्यातली तीन ग्रॅमही प्रथिनं राहणार नाहीत. मग बाकीची एकोणीस ग्रॅम गेली कुठे? झाकण बंद आहे, शिट्टीतून वाफ तेवढी बाहेर पडते, वरणाचं पाणी आपण ओतून देत नाही. लोह, जस्त, कॅल्शियम ही तर मूलद्रव्यं. ती गॅसच्या आचेनं नष्ट होत नाहीत, भट्टीतही होणार नाहीत. उष्णतेनं खरोखर कमी होतात ती काही जीवनसत्त्वं: क जीवनसत्त्व, थायमिन, फोलेट. ती किती कमी होणार हे किती वेळ शिजवलं, पाणी किती घातलं आणि ते टाकून दिलं का, यावर ठरतं. कुकरमध्ये वेळही कमी लागतो आणि पाणीही. त्यामुळे उघड्या पातेल्यात तासभर रटरटणाऱ्या डाळीपेक्षा कुकरमधल्या डाळीचं नुकसान जास्त होण्याचं काहीच कारण नाही. आणि प्रथिनं, खनिजं, जीवनसत्त्वं या सगळ्यांना मिळून "पोषण" असा एकच टक्का लावताच येत नाही. ज्यानं तो लावला, त्यानं काही मोजलेलंच नाही.

तक्त्याचाच जोडीदार असा दुसरा दावा: कुकरमध्ये डाळ शिजत नाही, दाबानं नुसती फुटते. याचं उत्तर आपल्याच भागात आहे. शिरूर-दौंडचा पट्टा समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटर उंच. इथे उघड्या पातेल्यात पाणी साधारण ९८ अंश सेल्सिअसला उकळतं. कितीही जाळ केला तरी त्यावर चढत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली की उकळबिंदू वर जातो आणि आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास पोचतं. डाळ शिजते ती या वाढलेल्या उष्णतेनं. दाबाचं काम पाण्याला तेवढं तापू देणं, इतकंच.

त्यात आपल्याकडचं बोअरचं पाणी. ते क्षारट आहे हे इथल्या कोणत्याही गृहिणीला सांगावं लागत नाही. हंड्याच्या आत बसलेला पांढरा थर ती रोज घासते. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं आणि डाळ दडदडीत राहते. हुलगा, मटकी, हरभरा यांचे तर आणखी हाल. उघड्या भांड्यात शिजवायचं ठरवलं की मग सोड्याची चिमूट पडते आणि सोड्याच्या अल्कलीनं थायमिन नष्ट होतं. म्हणजे पोषण वाचवायला कुकर सोडला आणि सोडा घालून तेच पोषण घालवलं! त्यापेक्षा कडधान्य रात्रभर थोडं मीठ घालून भिजवावं, ते पाणी टाकावं आणि जमल्यास कमी क्षाराच्या पाण्यात कुकरला लावावं.

शंका असेल त्यांच्यासाठी: आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात डाळी-कडधान्यांची पोषणगुणवत्ता वाढवण्यासाठी उकडणं किंवा प्रेशर कुकिंग हीच उत्तम पद्धत सांगितली आहे, कारण त्यानं पचनात आडवे येणारे घटक नष्ट होतात. याच दस्तऐवजात मातीची भांडी स्वयंपाकाला सुरक्षित म्हणून वाखाणली आहेत, हेही सांगितलं पाहिजे. मातीच्या भांड्याशी माझं भांडण नाही. परवडत असेल, फुटण्याची तयारी असेल, तर चकचकीत रंगाचा किंवा काचेसारखा लेप नसलेलं साधं मडकं खुशाल घ्यावं. पण ते कुकरला पर्याय म्हणून नव्हे, आणि भीतीपोटी तर नाहीच.

ज्या अन्नाला शिजताना हवा आणि ऊन लागत नाही ते विष, असंही सांगितलं जातं. उलट क जीवनसत्त्वाचा नाश हवेनं होतो आणि रायबोफ्लेविनचा उजेडानं. शिवाय झाकण ठेवून वाफवलेली मेथी आणि उकडीचे मोदक आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो आहोत.

आता पितळेकडे येतो. इथे माझा संयम सुटतो, कारण ज्या पुणे जिल्ह्यात हा तक्ता फिरतो, त्याच जिल्ह्यानं पितळेची किंमत बाळांच्या जिवानं मोजली आहे.

विसाव्या शतकात भारतात लहान मुलांना यकृताचा एक आजार होत असे. वैद्यकात त्याचं नावच "भारतीय बाल यकृत सूत्रण", इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस. बहुतेक बाळं सहा महिने ते पाच वर्षांच्या आतली. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं लागायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावायची. एकाच घरात पाठोपाठ भावंडं जायची. त्यांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण प्रचंड सापडत असे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनमधले बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत याचा माग काढला. १९८३ मध्ये "लॅन्सेट"मध्ये त्यांचा निबंध आला. आजारी बाळांच्या घरी गाई-म्हशीचं दूध फार लवकर सुरू झालेलं असे आणि ते पितळेच्या भांड्यात तापवून, त्यातच ठेवून दिलेलं असे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांबं दुधातल्या प्रथिनाला चिकटतं आणि बाळाच्या कोवळ्या यकृताला ते बाहेर टाकता येत नाही. पुढे याच गटानं भांडी बदलून आजार टाळता येतो का तेही तपासलं आणि १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: पितळ सुटलं तिथे आजार हटला. काही बाळांमध्ये आनुवंशिक कलही असावा असं तज्ज्ञ मानतात. पण घरोघरी स्टील आल्यावर हा आजार इतका दुर्मीळ झाला की आजच्या तरुण डॉक्टरांना तो बहुधा पुस्तकातच भेटतो. केईएमचं ग्रामीण केंद्र आपल्या शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुकला आहे. तिथल्या पंचक्रोशीत "पितळ सात्त्विक" हा निरोप फिरावा, याचा मला संताप येतो.

आपल्या आज्या पितळ वापरत होत्या, हे खरं. पण त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: भांड्याला कल्हई हवी, आणि ताक, चिंचेचं सार, आमटी पितळेत ठेवायची नाही, कळकते. कळकलेलं खाल्लं की मळमळ आणि उलट्या ठरलेल्या. गावात कल्हईवाला यायचा, नवसागर आणि कथिल घेऊन भट्टी पेटवायचा. आज तो शोधावा लागतो. कल्हई झिजलेलं पितळेचं पातेलं शोकेसमध्ये शोभतं, आमटीला नाही. पाण्याच्या घागरीला, हंड्याला किंवा परातीला पितळ जरूर घ्या. लहान बाळाचं दूध मात्र त्यात कधीही नको.

"पूर्वज मातीच्या भांड्यात शिजवायचे म्हणून निरोगी होते," हे वाक्यही तक्त्यासोबत येतं. घोड नदीकाठचं इनामगाव शिरूर तालुक्यातच आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून तिथे अनेक वर्षं उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. घरात चूल, धान्य दळायचे पाटे, धान्याच्या कणग्या आणि मातीची भरपूर भांडी. त्याच घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली, मातीचे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून पुरलेले. अशी दफनं एकदोन नाहीत, पुष्कळ आहेत. वस्तीच्या शेवटच्या टप्प्यातल्या बालकांच्या हाडांत अभ्यासकांना उपासमारीच्या आणि खुंटलेल्या वाढीच्या खुणा दिसल्या. त्यांची भांडी शंभर टक्के मातीची होती. कमी पडत होतं ते भांड्यातलं अन्न.

राहिलं ॲल्युमिनियम, म्हणजे आपल्याकडचं "जर्मन". त्यानं स्मृतिभ्रंश होतो ही भीती १९६०च्या दशकातल्या सशांवरच्या प्रयोगांपासून सुरू झाली. त्यानंतरच्या संशोधनात रोजच्या भांड्यांशी संबंध सिद्ध झाला नाही. पोटात गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी एक टक्काही शरीर शोषत नाही, आणि निरोगी मूत्रपिंडं तेही बाहेर टाकतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारावं. सगळ्यांनी पाळायची गोष्ट एकच: टोमॅटो, चिंच, ताक असं आंबट त्यात साठवून ठेवू नये.

ज्याची खरी काळजी करायला हवी, त्याबद्दल तक्ता एक अक्षर बोलत नाही. ते म्हणजे शिसं. भंगार वितळवून ओतलेल्या स्वस्त भांड्यांत ते मिसळलेलं असू शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२५ मध्ये आयात होणाऱ्या काही ॲल्युमिनियम, हिंडालियम (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) आणि पितळी भांड्यांतून शिसं अन्नात उतरतं असा इशारा दिला. त्यात भारतातून गेलेली भांडीही होती. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक, आणि त्याची सुरक्षित मर्यादा ठरलेली नाही. म्हणून आठवडी बाजारात वजनावर मिळणारी बिननावाची हिंडालियमची कढई घेऊ नका, ती कितीही जड आणि स्वस्त असली तरी.

किरकोळ गैरसमज थोडक्यात.

चुंबक चिकटलं की स्टील बनावट, असं नाही. इंडक्शनच्या भांड्यांचा तळ चुंबकाला चिकटणाराच लागतो.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू मरतात हे प्रयोगांत दिसलं आहे, पण बोअरचे क्षार त्यानं तसूभरही कमी होत नाहीत.

लोखंडी कढईनं अन्नात लोह वाढतं हे खरं आहे, विशेषतः आंबट पदार्थांत. पण रक्त कमी असेल तर कढई घेतली म्हणून दवाखान्यातून दिलेल्या गोळ्या थांबवू नयेत.

नॉनस्टिकचा तवा रिकामा तापवणं धोक्याचं, आणि बाजरीच्या भाकरीला तापलेलाच तवा लागतो. म्हणून भाकरीसाठी लोखंडीच घ्यावा.

इंडक्शनच्या शेगडीनं अन्नात "रेडिएशन" शिरत नाही.

शिट्ट्या मोजून डाळ शिजत नाही, वेळेनं शिजते; पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून घड्याळ लावावं, गॅसही वाचतो.

आणि चुलीवरचं जेवण आरोग्याचं, असं महामार्गावरच्या ढाब्यांच्या पाट्या सांगतात. चव असेल, पण चुलीसमोर बसणाऱ्या बाईच्या फुप्फुसात रोज जो धूर जातो तो त्या पाटीवर नसतो.

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत नोकरी लागून एका खोलीत संसार मांडणाऱ्या जोडप्याला काय घ्यावं असं कुणी विचारलं तर मी सांगेन: तीन लिटरचा कुकर, लोखंडी तवा, लोखंडी कढई, स्टीलची दोन-तीन पातेली, परात किंवा काठवट, पोळपाट-लाटणं, सांडशी, उलथनं, पळी, चाळणी, एक धारदार सुरी किंवा विळी आणि मिक्सर. बाकी सगळं सवडीनं. संच म्हणून गळ्यात मारलेल्या डझनभर डब्यांपेक्षा जाड बुडाचं एक पातेलं जास्त कामाला येतं.

कुकर घेताना आयएसआय खूण आणि आयएस २३४७ हा क्रमांक बघून घ्यावा. २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानं घरगुती कुकरला ही खूण सक्तीची केली आहे. रबरी रिंग कडक झाली की बदलावी, शिट्टीचं भोक दर वेळी उजेडात धरून मोकळं आहे का पाहावं, आणि सुरक्षा झडप उडाली तर त्या जागी बाजारातली कुठलीही न बसवता त्याच कंपनीची, त्याच मापाची आणावी. दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, डाळ असेल तर अर्धाच. कुकरपासून धोका आहे तो इथे आहे, आणि तो थोडक्या पैशांच्या सुट्या भागांनी टळतो.