पिशवीवरची तारीख
(रक्ताची गोष्ट : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात रक्तगटांची भानगड पाहिली. रक्ताच्या पिशवीवर तो गट ठळक छापलेला असतो, म्हणून सगळ्यांची नजर तिथेच जाते. शेजारी एक तारीख असते. ती रक्तपेढीतल्या माणसांखेरीज फारसं कुणी वाचत नाही, पण पेढीचा सगळा संसार चालतो तो त्या तारखेवर.

शिबिरात आपलं ३५० किंवा ४५० मिलीलिटर रक्त ज्या पिशवीत उतरतं, ती रिकामी नसते. तिच्या तळाशी थोडं औषधी द्रावण असतं. त्यातलं सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. आणि साखर असते ती पेशींच्या पोटापाण्यासाठी. शिदोरी म्हणा हवं तर. ती पुरेल तितकेच दिवस. मग पेढीत ही पिशवी यंत्रात गरगर फिरवून तिचे तीन भाग करतात. तांबड्या पेशी २ ते ६ अंश तापमानात ३५ दिवस, वेगळं पोषक द्रावण घातलं तर ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. सगळ्यात नाजूक त्या प्लेटलेट्स. फ्रिजमध्ये ठेवल्या तर रुग्णाच्या शरीरात गेल्यावर टिकत नाहीत, म्हणून २० ते २४ अंशांत ठेवायच्या, आणि तेही पाळण्यासारख्या सतत हलणाऱ्या यंत्रावर. पण उबेत जंतू वाढण्याची भीती. त्यामुळे मुदत अवघी पाच दिवस. पावसाळा सरता सरता डेंग्यूची साथ आली की पेढीवाल्यांची झोप का उडते, ते यावरून कळावं.

आता आपल्याकडची शिबिरं बघा. २६ जानेवारी, साहेबांचा वाढदिवस, गणेशोत्सव. मांडव, बॅनर, हातात पिळायला रबरी चेंडू, नंतर चहा-बिस्किट. उत्साह खरा असतो, त्याची टिंगल मला करायची नाही. पण २६ जानेवारीच्या तांबड्या पेशी फार तर ९ मार्चपर्यंत चालतात. मे महिन्यात, कॉलेजं ओस पडलेली आणि निम्मं शहर गावी गेलेलं असताना, त्यांचा काही उपयोग नाही. एका दिवशी गोळा झालेल्या तीनशे पिशव्या बाद होण्याची वेळही जवळपास एकदमच येते.

याउलट थॅलेसेमियाचं मूल घ्या. त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर. तीन आठवड्यांचा हिशेब धरला तर वर्षाला सतरा खेपा. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. म्हणजे पुरुष वर्षात चारदाच. दर खेपेला एकच पिशवी लागली, तरी एका मुलामागे पाच दाते हवेत, तेही पाळीपाळीने येणारे. एकदम आलेले पाचजण कामाचे नाहीत.

‘नड लागली की फोन करा, धावत येतो,’ असं आपण मोठ्या मनाने म्हणतो. पण आज दिलेलं रक्त लगेच रुग्णाला चढवता येत नाही. आधी एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया यांच्या तपासण्या. अपघातातल्या माणसाला तातडीने मिळते ती पिशवी कुणीतरी आधीच देऊन ठेवलेली असते, कुणासाठी ते ठाऊक नसताना.

म्हणून मंडळांना माझी एक सूचना. शिबिराला शंभर जण आले तर तिसांचंच रक्त घ्या. बाकीच्यांचे फोन नंबर, रक्तगट वहीत लिहा आणि पेढीला विचारून एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला थोड्याथोड्यांना बोलवा. (वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, हे त्याच दिवशी पुन्हा तपासतीलच.) आकडा लहान दिसेल, बॅनरवर शोभणार नाही. चालेल.

पुढच्या आठवड्यात १९५२ साली मुंबईत सापडलेला ‘बॉम्बे’ रक्तगट. ‘ओ’ गटाचं रक्तसुद्धा ज्यांना चालत नाही, अशी ही मंडळी.