विश्लेषण : चाळीस ग्रॅमचा दर्यावर्दी वादळात भरकटला तर...?

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापासूनही अरबी समुद्र शंभरएक किलोमीटर दूर आहे. पण चक्रीवादळाला घाट आडवा येतोच असे नाही. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेले ‘निसर्ग’ सह्याद्री ओलांडून आत सरकले होते. अशा वाऱ्यात सागरी पक्षीही भरकटून जमिनीवर येऊ शकतात. त्यांतील सर्वांत लहान म्हणजे स्टॉर्म पेट्रेल.

हे पक्षी कोणते?

आकाराने चिमणीपेक्षा थोडे मोठे, वजन जेमतेम ४० ग्रॅम. पण नाते महाकाय अल्बाट्रॉसशी. चोचीवरची नळीसारखी नाकपुडी ही दोघांची खूण. डोळ्यांवरच्या ग्रंथी रक्तातले जादा मीठ वेगळे करतात आणि ते नाकपुडीवाटे बाहेर पडते. म्हणूनच हे पक्षी खारे पाणी पिऊन जगतात. जमिनीवर ते फक्त अंडी घालण्यासाठी येतात.

कूळ एक की दोन?

पूर्वी सर्व स्टॉर्म पेट्रेल एकाच कुळात मोजले जात. जनुकीय अभ्यासातून दक्षिणेकडील व उत्तरेकडील गट वेगळे असल्याचे दिसले आणि दोन कुळे झाली. दक्षिणेकडील पक्ष्यांचे पाय लांब. ते पाण्यावर पाय टेकवत नाचल्यासारखे उडतात. उत्तरेकडील पक्ष्यांचे पंख लांब आणि शेपूट बहुधा दुभंगलेली.

आपल्याकडे कोणते दिसतात?

विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल अंटार्क्टिक परिसरात वीण करतो आणि आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात अरबी समुद्रात येतो. त्याच्या शेपटीच्या वर पांढरा पट्टा असतो. उत्तरेकडील कुळातला स्विनहोचा स्टॉर्म पेट्रेल मात्र सगळाच काळपट.

सापडल्यास काय करावे?

याचे पाय चालण्यासाठी फार कमकुवत असतात. त्यामुळे जमिनीवर बसलेला पक्षी जखमी वाटतो. अनेकदा तो फक्त थकलेला असतो. त्याला हवेत भिरकावू नये, जायकवाडीच्या पाण्यात सोडू नये, दाणेही भरवू नयेत. हवेशीर खोक्यात, अंधारात, शांत ठेवावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. चोच आणि शेपटीचे छायाचित्र जरूर घ्यावे. ओळख पटवायला तेवढे पुरते आणि भरकटलेल्या पाहुण्याची नोंदही राहते.